एकच गाडी, दोन कामे : कौटुंबिक वॅगन, बदललेले इंजिन आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुतेक वेळा कारखान्याच्या बाजूने सांगितला जातो. कोणत्या वर्षी कोणते मॉडेल आले, किती विकले गेले, कोणत्या कंपनीने कोणती कंपनी घेतली, असा त्याचा क्रम असतो. परंतु गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही तिचा इतिहास चालूच राहतो. मालक, मेस्त्री, लेथवाला, वेल्डर हे सगळे तिच्यात भर घालतात. या टिपणात आपण अशाच एका परंपरेचा विचार करणार आहोत. घरातल्या माणसांना आणि सामानाला वाहून नेणारी साधी वॅगन घ्यायची, तिचे मूळ इंजिन उतरवायचे, दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन बसवायचे, आणि तीच गाडी आठवडाभर शाळा-बाजारासाठी व सुट्टीच्या दिवशी वेगाच्या हौसेसाठी वापरायची, अशी ही परंपरा आहे.

विषय हौसेचा वाटला तरी त्यात तंत्रज्ञानाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. कारखान्याने बनवलेली वस्तू मालकाने बदलली, तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? निर्मात्याची, मालकाची, मेस्त्रीची की शासनाची? वॅगनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण शर्यतीच्या गाडीत एकटा चालक बसतो. वॅगनच्या मागच्या सीटवर मुले बसतात.

१. वॅगन म्हणजे काय

'स्टेशन वॅगन' या नावातच तिचा उगम आहे. रेल्वे स्थानकावर उतरलेले प्रवासी व त्यांच्या ट्रंका हॉटेलात किंवा घरी पोहोचवणाऱ्या गाड्यांना अमेरिकेत 'डेपो हॅक' म्हणत. सुरुवातीला त्या घोडागाड्या होत्या. पुढे मोटारीच्या चासीवर लाकडी सांगाडा बसवून तेच काम होऊ लागले. १९२९ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल ए गाडीची स्टेशन वॅगन विकायला आणली, तेव्हा हा प्रकार मोठ्या उत्पादनात आला. लाकडी सांगाड्याला दरवर्षी वॉर्निश लागे आणि सांधे सैल होत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, विलीज कंपनीने जीपच्या पायावर संपूर्ण पोलादी वॅगन आणली आणि हळूहळू लाकूड मागे पडले. ब्रिटनमध्ये याच प्रकाराला 'एस्टेट' म्हणतात आणि जर्मनीत 'कोम्बी'. भारतात विकल्या गेलेल्या काही गाड्यांच्या नावांत हे दोन्ही शब्द दिसतात.

वॅगनची व्याख्या सोपी आहे. छत शेवटपर्यंत नेलेले असते, मागे उघडणारा दरवाजा असतो आणि सामानाची जागा बसण्याच्या जागेला जोडलेली असते. मागची सीट पाडली की गाडीचा छोटा टेम्पो होतो. ज्या घराला दोन गाड्या परवडत नाहीत, त्या घराची दोन कामे एकाच गाडीत करण्याचा हा उपाय होता. 'एका गाडीत दोन कामे' ही कल्पना वॅगनच्या जन्मापासूनच तिच्यात आहे. पुढे त्यात वेग हे तिसरे काम मिसळले, एवढेच.

२. इंजिन बदलण्याची परंपरा कशी सुरू झाली

१९३२ मध्ये फोर्डने व्ही-८ इंजिन स्वस्त गाडीत आणले. त्यापूर्वी आठ सिलिंडरचे इंजिन ही श्रीमंतांची गोष्ट होती. फोर्डच्या कारखान्याने संपूर्ण ब्लॉक एकाच ओतकामात तयार करण्याचे तंत्र साधले आणि ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले. काही वर्षांत अपघातग्रस्त फोर्ड गाड्या भंगारात येऊ लागल्या, आणि त्यांतली इंजिने तरुणांनी जुन्या, हलक्या मॉडेल ए गाड्यांत बसवायला सुरुवात केली. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर या गाड्यांच्या वेगाची चाचणी होत असे. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली. 'हॉट रॉड' हा शब्द याच वातावरणातला. या नावाचे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठ्या प्रमाणावर, एकाच मापाने उत्पादन झाले म्हणूनच इंजिनांची अदलाबदल शक्य झाली. प्रत्येक इंजिन हाताने, वेगळ्या मापाचे बनत असते, तर एका गाडीचे इंजिन दुसरीत बसवणे हे दर वेळी नवे संशोधन ठरले असते. प्रमाणित मापांमुळे एकाने केलेले काम दुसऱ्याला जसेच्या तसे करता आले.

या दृष्टीने १९५५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. शेव्हरोले कंपनीने त्या वर्षी ४.३ लिटरचे नवे व्ही-८ इंजिन आणले. ते आटोपशीर आणि वजनाने कमी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची मूळ रचना आणि गिअरबॉक्स जोडण्याच्या बोल्टांची जागा पुढे कित्येक दशके कायम ठेवली गेली. त्यामुळे १९५५ च्या गाडीत १९७५ चे इंजिन बसवणे हे अवघड काम राहिले नाही. त्याच वर्षी कंपनीने 'नोमॅड' ही दोन दारांची वॅगन आणली आणि तिच्यातही हे इंजिन मिळत होते. वॅगन वेगवानही असू शकते, हे कारखान्याने स्वतःच दाखवून दिले.

रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींमुळे हॉट रॉडवाल्यांवर टीका होऊ लागली, तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी नियमांची बाजू घेतली. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन झाली. शर्यत रस्त्यावर नको, ठरावीक पट्टीवर व्हावी. गाडीची आधी तपासणी व्हावी. नियम सगळ्यांना सारखे असावेत, असा तिचा आग्रह होता. जबाबदारीच्या प्रश्नाला मिळालेले हे एक संघटित उत्तर होते आणि ते मालकांनी स्वतःच दिले होते.

३. कारखान्याच्या आधी मेस्त्री : ब्रिटनचे उदाहरण

१९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेच्या ब्युइक कंपनीने ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन वापरले. त्याचे वजन सुमारे १४५ किलो होते, म्हणजे कित्येक लोखंडी चार सिलिंडर इंजिनांपेक्षाही कमी. परंतु ओतकामाचा खर्च व इतर अडचणींमुळे अमेरिकेत ते लवकरच बंद पडले. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. १९६७ पासून ते रोव्हरच्या मोठ्या मोटारींत आले आणि १९७० मध्ये रेंज रोव्हरमध्ये. शेतावर, चिखलात चालणारी आणि त्याच दिवशी महामार्गावर वेगाने धावणारी रेंज रोव्हर हीसुद्धा दुहेरी कामाचीच वॅगन होती.

याच सुमारास केन कॉस्टेलो या ब्रिटिश शर्यतपटूने एमजीबी या छोट्या स्पोर्ट्स मोटारीत हे रोव्हर व्ही-८ बसवायला सुरुवात केली. एमजीबीचे मूळ इंजिन बीएमसी कंपनीच्या 'बी' मालिकेतले होते. भारतीय विद्यार्थ्यांना ही मालिका अनोळखी नाही. आपल्या ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच कुळातले. कॉस्टेलो यांच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा ब्रिटिश लेलँडने स्वतःचाच एमजीबी व्ही-८ १९७३ मध्ये बाजारात आणला. छोट्या गॅरेजने आधी करून दाखवायचे आणि कारखान्याने ते नंतर आपलेसे करायचे, हा क्रम पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

४. एक सविस्तर उदाहरण : व्होल्वो २४० वॅगन आणि फोर्डचे व्ही-८

इंजिन बदलताना नेमके काय करावे लागते, हे समजण्यासाठी एक गाडी नीट पाहू. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीची २०० मालिका १९७४ ते १९९३ या काळात बनली आणि तिच्या २८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. चौकोनी आकारामुळे तिला विटेची उपमा मिळाली. तिची वॅगन ही शिक्षक, डॉक्टर, मुलाबाळांचे संसार यांची गाडी म्हणून ओळखली जाई. सुरक्षितता ही तिची ख्याती होती. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाहिन्या अशा जोडल्या होत्या की एक निकामी झाली तरी तीन चाकांचे ब्रेक लागत.

अमेरिकेतील हौशी लोकांनी हीच गाडी निवडण्यामागे तीन कारणे होती. पहिले म्हणजे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर बसवलेले आणि जोर मागच्या चाकांना दिलेला. अमेरिकन व्ही-८ इंजिनांची मांडणीही अशीच असते. दुसरे म्हणजे बोनेटखालची ऐसपैस जागा. कंपनीने स्वतःच या मालिकेत चार सिलिंडरखेरीज प्यूजो-रेनो-व्होल्वो यांच्या संयुक्त कारखान्यातले व्ही-६ आणि फोक्सवॅगनकडून घेतलेले सहा सिलिंडर डिझेलही बसवले होते. तिसरे म्हणजे गाडी टिकाऊ आणि जुनी मिळायला स्वस्त.

दात्याची भूमिका बहुधा फोर्ड मस्टँगकडे असे. १९८७ नंतरच्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे इंजिन २२५ अश्वशक्तीचे आणि सुमारे ४०७ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे होते. व्होल्वोचे २.३ लिटरचे साधे इंजिन साधारण ११४ अश्वशक्ती आणि १८५ न्यूटन-मीटर देई. म्हणजे शक्ती जवळपास दुप्पट आणि टॉर्क दुपटीहून जास्त. अभिनेते आणि शर्यतपटू पॉल न्यूमन यांनी स्वतःसाठी फोर्ड व्ही-८ बसवलेली व्होल्वो वॅगन करून घेतली होती, त्यामुळे या कल्पनेला प्रसिद्धीही मिळाली. अशा कामासाठी तयार माउंटिंग व इतर सुटे भाग विकणारे छोटे व्यवसाय उभे राहिले.

आता काम क्रमाने पाहू.

पहिली पायरी जागेची. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते, त्यांची जागा नव्या इंजिनाच्या मापाने बदलावी लागते. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा खोल भाग क्रॉस मेंबरवर आदळणार नाही, हे पाहावे लागते. त्यासाठी चेंबर कापून पुन्हा वेल्ड करतात किंवा दुसऱ्या मॉडेलचा लावतात. व्ही-८ ला दोन्ही बाजूंना सायलेन्सरच्या नळ्या असतात आणि डाव्या हाताच्या स्टिअरिंगचा दांडा नेमका त्यातल्या एकीच्या वाटेत येतो. उष्ण नळी आणि स्टिअरिंगचा दांडा एकमेकांना लागणे हा नुसता गैरसोयीचा नाही, धोक्याचा मामला आहे.

दुसरी पायरी शक्ती चाकांपर्यंत नेण्याची. जुना गिअरबॉक्स दुप्पट टॉर्क सहन करील याची खात्री नसते, म्हणून इंजिनासोबत मस्टँगचा गिअरबॉक्सही घेतात. त्याची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून नव्या मापाचा करावा लागतो आणि लेथवर नेऊन त्याचा तोल साधावा लागतो. नाहीतर वेग वाढताच सारी गाडी थरथरते. शेवटी डिफरन्शियल. मूळ दात्यांचे प्रमाण कमी ताकदीच्या इंजिनासाठी निवडलेले असते. व्ही-८ ला कमी फेऱ्यांत तेच काम जमते, म्हणून प्रमाण बदलणे सोयीचे ठरते.

तिसरी पायरी उष्णता आणि इंधन यांची. मोठे इंजिन जास्त उष्णता सोडते, म्हणून रेडिएटर आणि पंखा मोठा लागतो. पेट्रोल पंपाचा दाब नव्या इंजिनाच्या गरजेइतका हवा. वायरिंग हे सगळ्यांत वेळखाऊ काम. इंजिनाचा संगणक मस्टँगचा, डॅशबोर्ड व्होल्वोचा; वेगमापक, तापमापक आणि तेलाच्या दाबाचा दिवा यांना खरे तेच दाखवायला शिकवावे लागते.

या तीन पायऱ्या झाल्या की इंजिन चालू होते, गाडी रस्त्यावर येते, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

५. ब्रेकचे गणित

चालत्या गाडीत साठलेली ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, रिकामी वॅगन १३५० किलोची आहे आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे ५.२ लाख ज्यूल भरते. तीच वॅगन आता पाच माणसे आणि सामान घेऊन १८०० किलोची झाली आणि नव्या इंजिनामुळे सहज ताशी १४० ला पोहोचली, तर ऊर्जा सुमारे १३.६ लाख ज्यूल होते. वजन एक-तृतीयांशाने वाढले, वेग दोन-पंचमांशाने वाढला, पण ब्रेकवर आलेले काम अडीच पटींहून जास्त झाले. ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड यांना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. घाट उतरताना ते तापून निकामी झाले, तर पॅडलवर कितीही जोर दिला तरी उपयोग नाही.

वॅगनमध्ये आणखी एक अडचण असते. ती कधी रिकामी असते, तर कधी मागून खच्चून भरलेली. रिकाम्या वॅगनचा मागचा भाग हलका, म्हणून जोरात ब्रेक दाबल्यास मागची चाके आधी जखडून गाडी वळू शकते. भरलेल्या वॅगनमध्ये मागच्या ब्रेकने अधिक काम करायला हवे. पुढे जड इंजिन बसवले की हे संतुलन पुन्हा बदलते. पुढच्या स्प्रिंगा दबतात, टायरवरचा भार बदलतो. एकट्या चालकाच्या शर्यतीच्या गाडीला हे गणित एकदाच सोडवावे लागते. दुहेरी कामाच्या वॅगनला ते दोन्ही टोकांना सोडवावे लागते.

यातून निघणारा निष्कर्ष असा : इंजिन हा गाडीचा एक भाग असला तरी इंजिन बदलणे हे एका भागाचे काम नाही. त्या इंजिनाच्या बेताने ब्रेक, स्प्रिंग, टायर, रेडिएटर आणि डिफरन्शियल यांचा पुन्हा मेळ घालणे म्हणजे इंजिन बदलणे. जुने जाणते मेस्त्री म्हणूनच ब्रेकचे काम आधी आणि इंजिनाचे काम नंतर करतात.

६. कारखान्यांनी घेतलेला धडा

याच निष्कर्षाची साक्ष कारखान्यांच्या वेगवान वॅगनही देतात. हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एरहार्ड मेल्शर यांनी १९६७ मध्ये जर्मनीत एएमजी ही छोटी कंपनी काढली. १९८६ मध्ये तिने मर्सिडीजच्या मध्यम आकाराच्या गाडीत, जिच्यात तोवर कारखाना सहा सिलिंडरच्या पुढे जात नव्हता, मोठे व्ही-८ बसवले. 'हॅमर' या नावाने ती ओळखली गेली आणि मोजक्या वॅगनही त्यात तयार झाल्या. इंजिनाबरोबर मागचा सांगाडा व डिफरन्शियलही त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे घेतले होते. काही वर्षांत मर्सिडीजने स्वतःच त्या मालिकेत पाच लिटरचे व्ही-८ आणले, आणि पुढे एएमजी कंपनीच विकत घेतली. कॉस्टेलो आणि एमजीबी यांचा क्रम इथे पुन्हा दिसतो.

१९९४ मध्ये आऊडीने पोर्शच्या मदतीने आरएस-२ ही वॅगन आणली. २.२ लिटरच्या पाच सिलिंडर टर्बो इंजिनातून ३१५ अश्वशक्ती काढली होती. लोक इंजिनाबद्दल बोलत राहिले, पण ब्रेक आणि चाकेही पोर्शकडून आली होती, ही बाब तितकीच बोलकी आहे. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत ८५० मॉडेलची वॅगन उतरवली. रिकार्ड रीडेल आणि यान लामर्स हे तिचे चालक होते. पहिल्या क्रमांकाची शर्यत तिने जिंकली नाही, आणि पुढच्या वर्षी कंपनी सेडानकडे वळली. पण किराणा आणणारी गाडी शर्यतीच्या वळणावर पाहून प्रेक्षकांच्या मनातली वॅगनची प्रतिमा बदलली.

दरम्यान अमेरिकेत वॅगन मागे पडत होती. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने मोटारींना सरासरी इंधनवापराची अट घातली. वॅगन मोटारींमध्ये मोजली जाई, तर मिनीव्हॅन आणि एसयूव्ही हलक्या ट्रकच्या सैल अटींत बसत. कुटुंबाचे काम त्या गाड्यांनी घेतले. रस्त्यावर उरलेल्या जुन्या वॅगन स्वस्त झाल्या आणि हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये गेल्या. १९९७ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आलेले ५.७ लिटरचे ॲल्युमिनियम व्ही-८ पुढे इंजिन बदलणाऱ्यांचे आवडते ठरले. कारणे तीच, कमी वजन, आटोपशीर आकार आणि भंगारात मुबलक उपलब्धता.

७. भारताचा अनुभव

भारतात इंजिन बदलण्यामागे वेगापेक्षा इंधनाचा खर्च हे कारण मोठे होते. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असलेल्या काळात टॅक्सीवाले आणि जीपमालक पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवत. 'डिझेल कन्व्हर्जन' हा शब्द तेव्हाच्या गॅरेजमध्ये रोजचा होता. कारखानेही त्याच वाटेने गेले. महिंद्राच्या जीपमध्ये पेट्रोल इंजिनानंतर प्यूजोच्या तंत्राचे डिझेल आले.

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा हे तर कारखान्यानेच केलेल्या इंजिनबदलाचे ठळक उदाहरण आहे. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा मोठा सांगाडा घेऊन ती १९८४ मध्ये आली, पण बोनेटखाली ॲम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. देह मोठा, दम कमी. पुढे तिच्यात इसुझुचे १.८ लिटरचे इंजिन व पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला आणि गाडीचा स्वभावच बदलला. तेच इंजिन नंतर ॲम्बेसेडरमध्येही आले.

वॅगन मात्र आपल्याकडे रुजली नाही. टाटा मोटर्स, तेव्हाची टेल्को, हिने १९९२ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून टाटा इस्टेट आणली. ती टाटामोबाइल पिकअपच्या पायावर होती आणि तिचे १.९ लिटरचे डिझेल इंजिन ६८ अश्वशक्तीचे होते. नंतर मारुती बलेनो अल्टुरा, ओपेल कोर्सा स्विंग, स्कोडा ऑक्टाव्हिया कोम्बी अशा वॅगन आल्या आणि गेल्या. मागे वेगळी डिकी असलेली गाडी म्हणजे 'पूर्ण' गाडी, ही ग्राहकांची समजूत पक्की होती. आज त्यातल्या थोड्या गाड्या हौशी लोकांकडे जपलेल्या आढळतात.

८. कायद्याची उत्तरे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बदललेल्या गाडीची जबाबदारी कोणाची? वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याच्या १९७० नंतरच्या दुरुस्त्यांनी धुरावर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणांशी छेडछाड करण्यास मनाई केली आणि १९९० मध्ये ही मनाई सामान्य व्यक्तींनाही लागू झाली. कॅलिफोर्नियात नियम असा की बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे आणि त्याची सर्व प्रदूषणरोधक उपकरणे सोबत असावीत. राज्याने नेमलेला तपासनीस ती पाहून मान्यता देतो. जर्मनीत धोका उत्पन्न करू शकणारा बदल केला तर गाडीचा परवाना संपतो. तज्ज्ञ तपासनीसाने पाहून कागदपत्रांत नोंद केली तर तो टिकतो. स्वीडनमध्ये हौशी लोकांनी बांधलेल्या व बदललेल्या गाड्यांची तपासणी करण्याचे काम गाडी बांधणाऱ्यांच्याच राष्ट्रीय संघटनेचे निरीक्षक करतात. तिन्ही ठिकाणी तत्त्व एक आहे : बदल करता येतो, पण तो कोणीतरी जाणत्याने तपासला पाहिजे.

भारताचा मार्ग वेगळा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये मुळात मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवून व मान्यता घेऊन बदल करण्याची वाट होती. २००० च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद केली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये, असे कलम आता सांगते. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी संच बसवण्याची मुभा अटींसह दिली आहे. या मुभेची पार्श्वभूमी समजण्याजोगी आहे. दिल्लीतील बससेवा सीएनजीवर नेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १९९८ चा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही, हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए नव्या रूपात आले. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

या तरतुदीचे समर्थनही करता येते आणि तिच्यावर टीकाही. समर्थन असे की तपासणीची विश्वासार्ह यंत्रणा सर्वत्र नसताना प्रत्येक गॅरेजच्या वेल्डिंगवर प्रवाशांचा जीव सोपवता येत नाही. पाचव्या भागातले गणित या बाजूने बोलते. टीका अशी की पूर्ण मनाईमुळे नीट काम करणारा आणि निष्काळजीपणे करणारा यांच्यात फरक उरत नाही. दोघेही कागदावर सारखेच दोषी ठरतात, आणि ज्याने ब्रेक आधी बदलले त्याच्या कौशल्याची कुठेच नोंद होत नाही. बॅटरीवर गाड्या रूपांतरित करण्याच्या काळात हा वाद पुन्हा समोर आला आहे, कारण तोही शेवटी इंजिनबदलच आहे. बॅटरीच्या वजनाने पुढचा-मागचा तोल बदलतो आणि ब्रेकचे गणित पुन्हा मांडावे लागते.

समारोप

वॅगनमध्ये मोठे इंजिन बसवण्याचा इतिहास वेगाच्या वेडाचा इतिहास म्हणून वाचता येईल. पण त्यातून तीन गोष्टी अधिक टिकाऊ अशा हाती लागतात. प्रमाणित उत्पादनाने सामान्य माणसाच्या हाती यंत्र बदलण्याची शक्ती दिली. छोट्या गॅरेजांनी अनेकदा कारखान्यांना वाट दाखवली. आणि प्रत्येक टप्प्यावर, कोरड्या सरोवरापासून कलम ५२ पर्यंत, समाजाला विचारावे लागले की या बदललेल्या यंत्राची हमी कोण घेणार. शेजारी उभी असलेली जुनी वॅगन पाहताना बोनेटखाली काय आहे एवढेच विचारू नये. चाकांच्या आत डिस्क कोणती आहे आणि ती कोणी तपासली, हेही विचारावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रमाणित उत्पादन आणि इंजिनांची अदलाबदल यांचा संबंध १९३२ व १९५५ च्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

२. 'छोटे गॅरेज पुढे, कारखाना मागे' या विधानाची दोन उदाहरणे देऊन चर्चा करा. कॉन्टेसाचे उदाहरण यात बसते का?

३. १५०० किलोची गाडी ताशी ८० वरून ताशी १२० किलोमीटर वेगाने चालवल्यास तिची गतिज ऊर्जा किती पट होते? या उत्तराचा ब्रेकच्या निवडीशी संबंध सांगा.

४. जर्मनी, स्वीडन आणि भारत यांच्या वाहनबदलविषयक धोरणांची तुलना करा. भारतात तपासणीवर आधारित परवानगीची पद्धत आणायची असेल तर कोणत्या अडचणी येतील?

५. आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या जुन्या मेस्त्रीशी बोलून डिझेल कन्व्हर्जनच्या काळाविषयी माहिती मिळवा आणि एक पानाचे टिपण लिहा. मेस्त्रीचे आणि गाडीमालकाचे नाव लिहू नये. कामाचा क्रम, वापरलेली अवजारे आणि ब्रेकमध्ये केलेला बदल यांवर भर द्यावा.